होडीवरील गोडे पाणी : पंप अडला, तर शोध कोठून सुरू करावा?

नवी मुंबईतील बेलापूरच्या किल्ल्याच्या परिसरात, खाडीच्या काठी, दिवाळे हा जुना कोळीवाडा आहे. सन १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि या गावांच्या भोवती नवे शहर उभे राहिले. १ जानेवारी १९९२ रोजी नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली. शहर वाढले तरी दिवाळे गावाचे खाडीशी असलेले नाते तुटलेले नाही. भरतीच्या वेळा पाहून होड्या आजही येथून निघतात, आणि निघण्यापूर्वी जाळे, इंधन व बर्फ यांबरोबरच आणखी एक वस्तू होडीवर भरली जाते. ती म्हणजे गोडे पाणी.

शहराला पाणी पुरविणारे मोरबे धरण रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात आहे. तेथून निघालेले पाणी मैलोगणती जलवाहिन्यांतून किनाऱ्यापर्यंत येते. त्यामागे अभियंते, शुद्धीकरण केंद्र व देखभाल कर्मचारी अशी मोठी यंत्रणा उभी असते. परंतु होडी धक्क्यावरून सुटली की ही यंत्रणा मागे राहते. टाकीपासून नळापर्यंतच्या अवघ्या आठ-दहा फुटांच्या प्रवासाची जबाबदारी एका लहानशा पंपावर आणि तो जाणणाऱ्या माणसावर येऊन पडते. चहूकडे पाणीच पाणी असते, पण त्यातील एक घोटही पिता येत नाही. अशा वेळी पंप अडला तर काय करावे, हे तांडेलाला व खलाशांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

या विषयातील अनुभवाचे सार एका वाक्यात सांगता येते. पाणी येईनासे झाले की माणूस प्रथम पंप खोलतो. परंतु दोष पुष्कळदा पंपाच्या बाहेर असतो. तो टाकीत असतो, नळीत असतो, विजेच्या तारेच्या जोडात असतो, किंवा जाळीत अडकलेल्या चिमूटभर गाळात असतो. म्हणून स्क्रू काढण्यापूर्वी क्रमाने शोध घेणे, हीच दुरुस्तीची पहिली पायरी होय.

पाण्याचा हिशेब

या शोधाचे महत्त्व एका साध्या हिशेबावरून ध्यानात येईल. समजा, एका यांत्रिक होडीवर आठ माणसे आहेत आणि ती चार दिवसांसाठी समुद्रात गेली आहे. पिणे व स्वयंपाक यांसाठी दरडोई दररोज केवळ पाच लिटर धरले, तरी १६० लिटर पाणी लागते. टाकी २०० लिटरची असेल, तर हाताशी उरणारी शिल्लक केवळ ४० लिटरची. मिनिटाला १० लिटर पाणी देणारा विजेचा पंप ही संपूर्ण टाकी वीस मिनिटांत रिकामी करू शकतो. नळी एखाद्या ठिकाणी निसटली आणि कोणाच्या लक्षात आले नाही, तर चार दिवसांचे पाणी चहा उकळेपर्यंत होडीच्या तळाशी जाऊन पडेल. विजेच्या पंपाची सोय मोठी, पण धोकाही त्याच मापाचा, हे यावरून दिसून येते.

पंप किती प्रकारचे?

लहान होड्यांवर आजही प्लॅस्टिकच्या पिंपातून गोडे पाणी नेले जाते व ते तांब्याने काढून घेतले जाते. जेथे पक्की टाकी बसविलेली आहे, तेथे सर्वसाधारणपणे दोन प्रकारचे पंप आढळतात.

पहिला प्रकार हाताने किंवा पायाने चालविण्याचा. त्यात एकतर नळकांड्यात वर-खाली होणारा दट्ट्या असतो, किंवा रबराचा लवचीक पडदा असतो. दट्ट्या वर ओढला अथवा पडदा ताणला की आत पोकळी निर्माण होते आणि पाणी आत येते. दाबला की ते नळाकडे ढकलले जाते. पाणी उलट परतू नये म्हणून दोन झडपा असतात. एक आत येण्याच्या वाटेवर, दुसरी बाहेर जाण्याच्या वाटेवर.

दुसरा प्रकार विजेचा. होडीवरील १२ किंवा २४ व्होल्टच्या बॅटरीवर तो चालतो. त्यातही बहुधा रबरी पडदेच असतात. फक्त हाताऐवजी मोटार ते हलविते. या पंपावर दाबाने चालणारी एक कळ, म्हणजे प्रेशर स्विच, बसविलेली असते. नळ उघडला की नळीतील दाब उतरतो व मोटार सुरू होते. नळ बंद केला की दाब चढतो व मोटार थांबते. अनेक पंपांत हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे पावणेदोन किलोग्रॅमपर्यंत उतरला की मोटार चालू होते आणि सुमारे २.८ किलोग्रॅमला ती थांबते. काही पंपांत रबरी पात्यांचे चक्र असते. असे पंप कोरडे फिरविले तर पाती थोड्याच वेळात जळतात. पडद्यांचे पंप थोडा वेळ कोरडे फिरणे सहन करतात, परंतु तेही त्यांच्या हिताचे नसते.

पाणी वर चढते ते कसे?

बिघाडाचे कारण समजण्यासाठी पंपाचे एक मूलतत्त्व लक्षात घेतले पाहिजे. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो. वस्तुतः पंप फक्त पोकळी निर्माण करतो, आणि टाकीतील पाण्यावर असलेला हवेचा दाब ते पाणी नळीतून वर ढकलतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाण्याला सुमारे १०.३ मीटरपेक्षा अधिक उंच चढवू शकत नाही, आणि व्यवहारात सहा-सात मीटरच्या पुढे हे काम अवघड होते.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाला हे तत्त्व अपरिचित नाही. गावोगावी विंधन विहिरींवर दिसणारा ‘इंडिया मार्क २’ हातपंप १९७० च्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने विकसित झाला, आणि त्याच्या घडणीमागे आपल्याच राज्यातील ‘सोलापूर पंपा’चा अनुभव होता. त्याआधी ‘जालना पंपा’नेही या कामात वाट दाखविली होती. विंधन विहिरीचे पाणी खोल असल्याने या हातपंपाचे नळकांडे जमिनीखाली, पाण्यातच बुडवून ठेवलेले असते. त्यामुळे त्याला हवेच्या दाबावर विसंबून पाणी उंच ओढावे लागत नाही. होडीवरील पंप मात्र बहुधा टाकीच्या वर, कोरड्यात बसविलेला असतो. त्याला पाणी शोषूनच घ्यावे लागते. म्हणूनच शोषण नळीत शिरणारी हवा हा त्याचा सर्वांत मोठा शत्रू ठरतो.

यातून एक उपयुक्त नियम निघतो. पंपाच्या पुढील, म्हणजे नळाकडील बाजूस गळती असेल तर पाणी बाहेर ठिबकते व डोळ्यांना दिसते. पंपाच्या मागील, म्हणजे टाकीकडील बाजूस फट असेल तर पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. ही गळती दिसत नाही. ती ओळखावी लागते.

बादलीची कसोटी

पाणी येत नसेल, तर दोष टाकीकडे की पंपाकडे, हे ठरविण्यासाठी एक सोपी कसोटी आहे. पंपाच्या आत येणाऱ्या तोंडाची नळी काढावी, तेथे हातभर लांबीची दुसरी स्वच्छ नळी घट्ट बसवावी, आणि तिचे टोक पाण्याने भरलेल्या स्वच्छ बादलीत बुडवून पंप चालवावा. पंपाने बादलीतील पाणी जोमाने उचलले, तर पंप निर्दोष आहे. दोष टाकी, टाकीची चावी, जाळी किंवा शोषण नळी यांत आहे. बादलीतील पाणीही उचलले नाही, तर मात्र पंप उघडून पाहण्यास कारण आहे. या कसोटीला पाच मिनिटे पुरतात. ती न करता पंप खोलला तर अर्धा दिवस जातो, आणि एखादी लहान स्प्रिंग निसटून तळाच्या पाण्यात पडली तर चांगला पंपही निकामी होतो.

मोटारच फिरत नसेल तर

नळ उघडला, पण पंपाचा आवाजच आला नाही, तर शोध बॅटरीपासून सुरू करावा. प्रथम मुख्य कळ चालू आहे की नाही हे पाहावे. नंतर बॅटरीचा दाब मोजावा. काही तास विश्रांती घेतलेली १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असेल, तर मीटर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवितो, १२.२ च्या आसपास ती निम्मी उतरलेली असते. होडीवर मीटर नसेल तर बॅटरीवरचा साधा दिवा लावून पाहावा. तो मंद जळत असेल तर दोष पंपाचा नव्हे.

यानंतर फ्यूज. फ्यूज उडालेला असेल तर त्याच मापाचा नवा घालावा. तो पुन्हा उडाला तर मोटार अडकलेली आहे किंवा तारा एकमेकींना चिकटल्या आहेत, असे समजावे. फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळणे ही सवय अत्यंत घातक आहे. १२ व्होल्टचा झटका माणसाला सहसा बसत नाही. परंतु मोठ्या बॅटरीचा प्रवाह तार लाल होईपर्यंत तापवू शकतो, आणि भर समुद्रात आग लागली तर पळून जाण्यास जागा नसते.

फ्यूज ठीक असेल तर जोड तपासावेत. खारी हवा तांब्याच्या तारेवर हिरवट थर चढविते. बाहेरून जोड शाबूत दिसतो, पण आतून वीज पोहोचत नाही. जोड सोडवून, घासून, कोरडे करून पुन्हा घट्ट बसवावेत. ऋण तारेचा जोडही तितक्याच काळजीने पाहावा. शोध घेणारा बहुधा धन तारच तपासतो व ऋण तार विसरतो.

तारेची जाडी हाही दुर्लक्षित विषय आहे. पंप ६ अँपिअर प्रवाह घेत असेल आणि बॅटरीपासून पाच मीटर दूर असेल, तर जाऊन-येऊन तारेची लांबी दहा मीटर होते. तांब्याची तार दीड चौरस मिलिमीटरची असेल तर वाटेतच सुमारे ०.७ व्होल्ट खर्च होतात. चार चौरस मिलिमीटरची असेल तर सुमारे पाव व्होल्टच. पातळ तारेवर मोटार हळू फिरते, तापते आणि दाब न चढल्यामुळे वेळेवर थांबत नाही. अशा होडीवर पंप बदलूनही तक्रार तशीच राहते. बदलायला हवी असते ती तार.

पंपापर्यंत वीज पोहोचत असूनही मोटार मूक असेल, तर संशय प्रेशर स्विचवर घ्यावा. त्याच्या दोन तारा क्षणभर एकमेकींना जोडून पाहाव्यात. मोटार फिरली तर दोष स्विचचा आहे. ही जोडणी केवळ तपासणीपुरती करावी. ती तशीच ठेवली तर मोटारीला थांबविणारे काही राहत नाही. मोटार नुसती गुणगुणत असेल आणि फिरत नसेल, तर ती आतून अडकली आहे. वीज ताबडतोब बंद करावी. मोटार हाताला फार गरम लागत असेल, तर तिच्यातील उष्णता-संरक्षक कळीने तिला थांबविले असण्याचा संभव असतो. अर्धा तास थांबून पुन्हा पाहावे.

कोणतेही झाकण उघडण्यापूर्वी मुख्य कळ बंद केली पाहिजे. होडीवर इंधनाचा किंवा स्वयंपाकाच्या गॅसचा वास येत असेल, तर वारा खेळून वास जाईपर्यंत कोणतीही कळ चालू अगर बंद करू नये. धक्क्यावरून २३० व्होल्टची वीज होडीवर घेतलेली असेल, तर ते काम परवानाधारक तारतंत्र्याकडेच सोपवावे.

मोटार फिरते, पण पाणी येत नाही

येथे शोध टाकीपासून नळाकडे, पाण्याच्या वाटेने घ्यावा.

टाकीत पाणी आहे काय, हा पहिला प्रश्न हास्यास्पद वाटेल. परंतु तो प्रथम विचारलाच पाहिजे. दिवाळ्यासारख्या खाडीकाठी त्याला आणखी एक अर्थ आहे. मुंबईच्या परिसरात उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतील अंतर चार मीटरांहून अधिक होते, आणि ओहोटीला होडी चिखलावर बसून एका अंगाला कलते. टाकीही तिच्याबरोबर कलते. शोषण नळीचे टोक वरच्या बाजूला राहिले, तर निम्मी टाकी भरलेली असूनही पंप हवाच ओढतो. हा बिघाड नव्हे. भरती येऊन होडी सरळ झाली की पाणी आपोआप सुरू होते. मात्र तोपर्यंत पंप बंद ठेवला पाहिजे.

दुसरी गोष्ट टाकीची चावी. टाकी धुताना ती बंद केली जाते आणि उघडण्याचे विसरते. तिसरी गोष्ट टाकीची हवा-नळी. टाकीतून जितके पाणी बाहेर जाईल तितकी हवा आत आली पाहिजे. हवा-नळीत कीटकांनी घर केले किंवा रंग देताना तिचे तोंड बुजले, तर पाणी आरंभी चांगले येते व हळूहळू बारीक होते. टाकीचे झाकण सैल करताच ‘सूं’ असा आवाज होऊन धार पूर्ववत झाली, की कारण सापडले असे समजावे.

चौथी गोष्ट जाळी. पंपाच्या तोंडाशी असलेल्या बारीक जाळीत टाकीतील गाळ, प्लॅस्टिकचे कण व शेवाळ साचते. ही जाळी महिन्यातून एकदा, आणि नवी टाकी बसविल्यास पहिल्या आठवड्यातच, धुतली पाहिजे. पाचवी गोष्ट नळी. ती कोठे मुडपली आहे काय, एखाद्या जड वस्तूखाली दबली आहे काय, किंवा मऊ असल्याने शोषणाच्या जोराने चपटी होते काय, हे पाहावे. टाकी ते पंप या भागात दोरा किंवा तार गुंफलेली, खाद्यपदार्थांसाठी योग्य अशीच नळी वापरावी.

सहावी गोष्ट अदृश्य फट. संशय असलेल्या जोडावर पंप चालू असताना ओले फडके गुंडाळावे किंवा पाणी ओतावे. पाण्याने फट क्षणभर बुजते व पंपाचा आवाज बदलून धार भरते. तोच जोड दोषी. बहुतेक वेळा पट्टी आवळली की काम होते. नळीचे टोक चिरलेले असेल, तर तेवढा भाग कापून नळी पुन्हा बसवावी. पट्ट्या गंज न चढणाऱ्या पोलादाच्या असाव्यात.

एवढे सर्व पाहूनही पाणी आले नाही आणि बादलीची कसोटीही फसली, तरच पंपाचे डोके उघडावे. आत दोनच शक्यता अधिक संभवतात. झडपेखाली कचऱ्याचा कण अडकलेला असतो, किंवा पडदा फाटलेला असतो. कण काढून झडप धुतली की पंप चालू होतो. फाटलेला पडदा मात्र बदलावाच लागतो. उघडताना प्रत्येक भाग कोणत्या क्रमाने व कोणत्या तोंडाने बसलेला होता, ते कागदावर काढून ठेवावे. झडप उलटी बसविली तर नवा पंपही पाणी देणार नाही.

नळ बंद, तरी पंप चालू

सर्व नळ बंद असताना पंप मधूनमधून क्षणभर चालू होत असेल, तर ती इशाऱ्याची घंटा समजावी. दाब कोठेतरी निसटतो आहे. पंपाच्या पुढची चावी बंद करून पाहावे. आता पंप शांत राहिला, तर गळती चावीपुढील नळीत किंवा नळात आहे. तरीही तो चालू होत राहिला, तर पंपाची आतली झडप पाणी टाकीकडे परत सोडते आहे. पहिल्या प्रकारात पाणी वाया जाते, दुसऱ्यात जात नाही. म्हणून पहिल्याची निकड अधिक.

मिनिटाला एक कप, म्हणजे सुमारे १५० मिलिलिटर गळती क्षुल्लक वाटते. परंतु दहा तासांच्या रात्रीत ती ९० लिटर होते. तळाचे पाणी उपसणारा स्वयंचलित पंप ते इमानाने समुद्रात फेकून देतो आणि सकाळी कोठे ओलावाही दिसत नाही. टाकी रिकामी झाल्यावर संकट दुहेरी होते. पाणीच नसल्याने दाब चढत नाही, आणि दाब चढत नसल्याने मोटार थांबत नाही. मोटार तापून बंद पडली नाही, तर ६ अँपिअर घेणारा पंप दहा तासांत ६० अँपिअर-तास वीज खातो. इंजिन सुरू करण्याची बॅटरीही तीच असेल, तर पाण्याबरोबर होडीची गतीही जाते. म्हणून दोन नियम कटाक्षाने पाळावेत. होडी सोडताना व रात्री निजताना पाण्याच्या पंपाची कळ बंद करावी. आणि इंजिनाची बॅटरी स्वतंत्र ठेवावी.

पंप चालू-बंद, चालू-बंद असा धडधडत असेल, तर नळाच्या तोंडाची जाळी किंवा पुढील गाळणी तुंबली आहे काय ते पाहावे. काही होड्यांवर दाब सांभाळण्यासाठी हवेची लहान टाकी जोडलेली असते. तिच्यातील हवा कमी झाली तरी हेच लक्षण दिसते. सायकलच्या पंपाने ती ठरावीक दाबापर्यंत पुन्हा भरता येते.

हातपंप : होडीचा विमा

विजेचा पंप बसविला की हातपंप काढून टाकण्याकडे कल असतो. तो योग्य नव्हे. बॅटरी उतरली, तार तुटली, मोटार जळली, तरी हातपंप पाणी देतो. शिवाय हाताने उपसलेले पाणी माणूस जपून वापरतो, हा त्याचा आणखी एक गुण. हातपंपाचा बिघाड मुठीच्या स्पर्शावरून ओळखता येतो.

मूठ अगदी हलकी जात असेल आणि पाणी येत नसेल, तर पंप हवा ओढतो आहे किंवा दट्ट्याचा वॉशर झिजला आहे. पंपात वरून थोडे स्वच्छ पाणी ओतून पाहावे. पाणी सुरू झाले तर वॉशर सुकलेला होता, एवढाच दोष. मूठ वर ओढताना जड लागत असेल आणि सोडताच आपोआप मागे खेचली जात असेल, तर शोषणाची वाट बंद आहे. चावी, जाळी व नळी पाहावी. मूठ दाबताना जड लागत असेल, तर अडथळा नळाकडे आहे. प्रत्येक वेळी दहा-बारा हात मारल्याशिवाय पाणी येत नसेल, तर नळीच्या खालच्या टोकाची झडप पाणी धरून ठेवीत नाही. दांड्याच्या कडेने पाणी झिरपत असेल, तर तेथील पॅकिंग आवळावे अथवा बदलावे. पायपंपाचा पडदा चिरला की पाणी पंपाच्या खालीच सांडते.

चामडी वॉशर असेल तर नवा बसविण्यापूर्वी तो रात्रभर पाण्यात भिजवावा. रबरी भागांना डिझेल, इंजिन तेल किंवा साधे ग्रीस कदापि लावू नये. रबर फुगते, मऊ पडते, आणि पिण्याच्या पाण्याला त्याचा वास लागतो. पिण्याच्या पाण्याच्या उपकरणांसाठी असलेले सिलिकॉन ग्रीसच वापरावे.

हातपंप व विजेचा पंप एकाच शोषण नळीवर जोडलेले असतील, तर एक विशेष घोटाळा संभवतो. विजेचा पंप टाकीतून पाणी घेण्याऐवजी हातपंपाच्या झिजलेल्या झडपेतून हवा ओढू लागतो, आणि दोन्ही पंप निर्दोष दिसत असूनही पाणी येत नाही. प्रत्येक पंपाच्या शाखेवर एकेरी झडप किंवा चावी बसविली की हा दोष टळतो. सर्वांत उत्तम म्हणजे हातपंपाला टाकीतून स्वतंत्र नळी द्यावी.

पाणी आले, पण ते पिण्यास योग्य आहे काय?

पंप दुरुस्त झाला म्हणजे काम संपले असे नाही. नळी उघडली, हात लागले, गाळ ढवळला की पाणी दूषित होऊ शकते. टाकी, नळ्या व पंप यांचे निर्जंतुकीकरण केले पाहिजे. रिकामी टाकी घासून धुवावी व पुन्हा भरावी. दर लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन या प्रमाणात ५०० लिटरच्या टाकीस २५ ग्रॅम क्लोरीन लागते. ३३ टक्के क्लोरीन असलेली विरंजक चूर्णाची, म्हणजे ब्लीचिंग पावडरची, सुमारे ७५ ग्रॅम मात्रा त्यासाठी पुरते. पावडर थेट टाकीत टाकू नये. बादलीत कालवून, निवळू देऊन, वरचे स्वच्छ द्रावण टाकीत ओतावे. प्रत्येक नळातून क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी सोडावे, चार तास तसेच ठेवावे, आणि मग हे पाणी टाकून देऊन वास जाईपर्यंत टाकी व नळ्या धुवाव्यात. हे पाणी पिण्याचे नव्हे. जुनी, ओलसर झालेली पावडर जोर गमावते, हेही ध्यानात ठेवावे. नेहमीच्या पिण्याच्या पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर इतके शिल्लक क्लोरीन असावे, असे भारतीय मानकात नमूद आहे.

बंदीचा काळ : दुरुस्तीचा काळ

पावसाळ्यात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस राज्यात बंदी असते; सन २०२५ मध्ये ती १ जून ते ३१ जुलै अशी होती. जाळी विणणे, होडीला रंग देणे, इंजिन उघडणे ही कामे या दिवसांत होतात. पाण्याच्या व्यवस्थेलाही त्यातील एक दिवस दिला पाहिजे. टाकी धुणे, जाळी व हवा-नळी साफ करणे, प्रत्येक पट्टी आवळणे, विजेचे जोड घासणे, हातपंपाचा वॉशर बदलणे, एवढ्यावर वर्षाची बेगमी होते. सुट्या भागांचा एक लहान डबाही होडीवर असावा. त्यात पडदा व झडपांचा संच, दोन वॉशर, योग्य मापाचे फ्यूज, चार पट्ट्या, हातभर नळी, एक एकेरी झडप व एक पेचकस पुरे. आणि पंप कितीही चांगला असला, तरी तोंड घट्ट बंद केलेले पाण्याचे एक वेगळे पिंप होडीवर असावे. सर्व उपाय थकले तर तेच माणसे तारून नेते.

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावरील गावांत हे ज्ञान पोहोचविणे कठीण नाही. मत्स्यव्यवसाय विभागाच्या प्रशिक्षण वर्गांत इंजिनाबरोबर पाण्याच्या पंपाचा एक तास ठेवता येईल. किनाऱ्यावरील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या विद्यार्थ्यांना बंदीच्या काळात होड्यांवर प्रात्यक्षिक देता येईल. ग्रामपंचायतींना धक्क्याजवळ पिण्याच्या पाण्याचा स्वच्छ नळ आणि क्लोरीन तपासण्याचे साधन उपलब्ध करून देता येईल. टाकीत भरले जाणारे पाणीच अशुद्ध असेल, तर पंपाची सारी निगा व्यर्थ ठरते. विज्ञान शिकविणाऱ्या शिक्षकांना तर हवेचा दाब, झडप व विद्युत्‌रोध हे तीन धडे एकाच पंपावर दाखविता येतील. कोळीवाड्यातील मुलाला ते पुस्तकापेक्षा लवकर समजतील, कारण तो पंप त्याच्या घरच्या होडीवरचा असेल.

दुरुस्ती ही केवळ कारागिराची विद्या नव्हे. ती क्रमाने पाहण्याची सवय आहे. टाकी, चावी, जाळी, नळी, जोड आणि सर्वांत शेवटी पंप, हा क्रम ज्या खलाशाच्या अंगवळणी पडला, त्याच्या होडीवरील माणसे तहानलेली परतणार नाहीत.